वाचनालयाच्या कपाटात पिक्चर का नको?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात करमणुकीचा महिन्याचा खर्च कुणी एका जागी मांडत नाही. डिशचे पैसे वेगळे, मोबाईलचा रिचार्ज वेगळा, वायफायवाल्याचे वेगळे, आणि ॲपची वर्गणी तर मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या फोनवरून परस्पर कापली जाते. असा तुकड्यातुकड्यांनी जाणारा पैसा जाणवत नाही. दिवाळीला फटाके किती रुपयांचे आणायचे यावर घरात चर्चा होते, पण वर्षभर आपोआप वळते होणाऱ्या रकमेवर होत नाही. चित्रपटांच्या डिस्क वाचनालयातून पुस्तकासारख्या घरी नेता याव्यात, असे मला सुचवायचे आहे. म्हणून आधी ती रक्कम मांडतो.

ॲमेझॉन प्राइम २०१६ साली भारतात आले तेव्हा वर्षाला ४९९ रुपये होते. पुढे ९९९ झाले आणि २०२१ च्या डिसेंबरपासून १४९९. २०२५ च्या जूनपासून त्याच १४९९ रुपयांत पिक्चरच्या मध्ये जाहिराती लागू लागल्या, त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. नेटफ्लिक्सने मात्र २०२१ च्या डिसेंबरात भारतातले दर उतरवले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. टीव्हीवर चालणारा त्यांचा सगळ्यांत स्वस्त प्लॅन महिना ४९९ वरून १९९ वर आला. पण २०२३ च्या जुलैपासून एका घराचा पासवर्ड दुसऱ्या घरात चालेनासा झाला. बेळगावचे आईवडील आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली लेक एका वर्गणीवर बघत होती, तिथे दोन वर्गण्या आल्या. दर उतरूनही अशा कुटुंबाचा खर्च उतरला नाही. जिओसिनेमाने २०२४ च्या एप्रिलमध्ये महिना २९ रुपयांचा बिनजाहिरातीचा प्लॅन काढला आणि लोक खूश झाले. वर्षही उलटले नाही, तोच ते ॲप हॉटस्टारमध्ये विलीन झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार आले तेव्हा दोन पडद्यांचा प्लॅन वर्षाला ८९९ रुपयांचा होता.

प्राइमचे १४९९, नेटफ्लिक्सचे बारा महिन्यांचे २३८८ आणि जिओहॉटस्टारचे २०२५ चे हे ८९९ मिळून झाले ४७८६ रुपये. एवढे भरूनही झी मराठीच्या मालिका झी५ वर आणि सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर राहतात, त्यांची वर्गणी निराळी. शिवाय हे सगळे ज्या डेटावर चालते त्याचा खर्च आहेच. २०२४ च्या जुलैत खासगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ वर गेला. २८ दिवसांचा म्हणजे वर्षात तेरा वेळा मारायचा.

ही रक्कम जास्त की कमी, हे घरात किती बघितले जाते त्यावर ठरते. ज्या घरात दोन तरणी मुले रोज रात्री काही ना काही बघतात, त्यांना ४७८६ रुपये महाग नाहीत. दिवसाला तेरा-चौदा रुपये पडले. अशा घराला डिस्क भाड्याने आणायला सांगणे व्यर्थ आहे, आणि मी सांगणारही नाही. पण आपल्याकडची बहुतेक घरे अशी नाहीत. घरात साठीच्या पुढची माणसे आहेत, शेती आहे, दुकान आहे. निपाणीकडे विडी वळून घर चालवणाऱ्या बायका आहेत. त्यांचे बघणे म्हणजे रोजची एखादी मालिका आणि महिन्याला फार तर दोन पिक्चर. दोन पिक्चर म्हणजे वर्षाला चोवीस. ४७८६ ला चोवीसने भागले तर एका पिक्चरला जवळजवळ दोनशे रुपये पडतात, तेही घरच्या टीव्हीवर, आपल्याच विजेवर. यातले मराठी पिक्चर किती, हे पुन्हा वेगळेच.

भाड्याने आणून बघणे आपल्याला नवे नाही. नव्वदच्या दशकात सुट्टीच्या दिवशी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी रात्रीपुरत्या भाड्याने यायच्या आणि शेजारच्या चार घरांची माणसे सोप्यात बसायची. मग सीडी आली. एका व्हीसीडीवर, म्हणजे चित्रपटाच्या सीडीवर, सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावायचे, म्हणून मध्यंतराला उठून दुसरी सीडी घालायला लागायची. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे परवडेल असे वाटले होते. तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. सीडी लायब्ऱ्या त्याच्या आधीच मोबाईल रिचार्जची आणि झेरॉक्सची दुकाने झाल्या होत्या.

ते दिवस परत आणा असे माझे म्हणणे नाही. त्या सीड्यांचे चित्र पुसट असायचे, ओरखडा पडला की गाणे अडकायचे, आणि रस्त्यावर विकला जाणारा अर्धा माल चोरीचा असायचा. डिस्कचा धंदाही जगभर आटतो आहे. खुद्द नेटफ्लिक्सची सुरुवात १९९८ मध्ये पोस्टाने डीव्हीडी भाड्याने पाठवण्यापासून झाली आणि २०२३ च्या २९ सप्टेंबरला त्यांनी शेवटच्या डिस्क पाठवून ते काम बंद केले. एलजी, सॅमसंगसारख्या कंपन्यांनी ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कचे, प्लेअर करणे सोडले. धंदा म्हणून सीडी लायब्ररी आज बेळगावात कुणी उघडली, तर दुकानाचे भाडेही सुटणार नाही.

तरीही डिस्कमध्ये एक गुण आहे, आणि ॲपांचे दर चढत चालले तसा तो मोलाचा ठरतो आहे. डिस्क विकत घेतली की तिच्यावरचा पिक्चर तिच्यावरच राहतो. ॲपवर तसे नसते. तिथे कंपनी निर्मात्याशी ठरावीक काळाचा करार करते, मुदत संपली की चित्रपट निघून जातो, आणि वर्गणी भरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. हॉटस्टारवर एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका होत्या म्हणून वर्षाची वर्गणी भरलेल्यांना २०२३ च्या ३१ मार्चनंतर त्या मालिका दिसेनाशा झाल्या. वर्गणी तेवढीच राहिली. इंग्रजी मालिका गेल्या तर आमच्या आजीला फरक पडत नाही, हे खरे. पण ज्या कराराने त्या गेल्या, तसल्याच करारावर मराठी चित्रपटही तिथे आहेत. मागच्या सुट्टीत बघितलेला जुना मराठी पिक्चर नातवाला दाखवायला बसावे आणि तो सापडू नये, हे आता नेहमीचे झाले आहे. "परवा तर होता की!" हे वाक्य आमच्याकडे किती घरांत ऐकू येते.

सीमाभागातल्या माणसाला याची झळ जास्त लागते. पुणे-कोल्हापूरच्या माणसाला मराठी चित्रपट बघायला चार वाटा आहेत. आमच्या शहरात मराठी चित्रपट लागला तर त्याला एखाद-दुसरा खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी, आणि पहिल्या आठवड्यात बघितला नाही तर गेला. खानापूर तालुक्यातल्या माणसाने त्यासाठी बेळगावला यायचे, परत जायला एसटी मिळेल का बघायचे. चंदगडकडून येणाऱ्यांचीही तीच गत. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात पावसाळा लागला की वीज जाते आणि पाठोपाठ रेंज. तिथे वर्षाची वर्गणी भरून चार महिने पडद्यावरचे गोल फिरणारे चक्र बघत बसायचे, हा व्यवहार कुणाच्याच फायद्याचा नाही. आणि चित्रपट ही इथे नुसती करमणूक नाही. शेजारपाजार, बाजार, कचेरी सगळीकडे कन्नड आणि शाळेत इंग्रजी, अशा वाढणाऱ्या पोराच्या कानावर घरच्या माणसांपलीकडची मराठी पडते ती बऱ्याच अंशी पडद्यावरूनच. ती कंपनीच्या करारावर आणि बापाच्या खिशावर सोडून द्यावी, हे मला पटत नाही.

मग करायचे काय? मला वाटते, पिक्चर वाचनालयात ठेवावेत.

याला कायद्याचा आधार आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा आहे. म्हणून दुकानदाराला परवानगी लागते. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम २ मध्ये एक व्याख्या घातली गेली. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने, रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याचा हेतू न ठेवता भाड्याने किंवा उसनी दिली, तर ते व्यावसायिक भाडे धरले जात नाही. सरकारी अनुदान घेणारे किंवा आयकरातून सूट असलेले वाचनालय यात येते, असे तिथल्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. डिस्कच्या वेष्टनावर ‘भाड्याने देण्यास मनाई’ असे छापलेले बघून ग्रंथपाल बिचकतात. त्यांनी हे कलम वाचावे. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रत अस्सल हवी, तिच्या नकला काढायच्या नाहीत, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये पडदा लावून खेळ करायचा तर त्याची परवानगी वेगळी घ्यायची. सभासदाने पुस्तकासारखी डिस्क घरी न्यावी आणि परत आणावी, एवढ्याला अडचण नाही.

ॲपच्या बाबतीत वाचनालयाला हा मार्गच नाही. ॲपची वर्गणी एका माणसाच्या किंवा एका घराच्या वापरासाठी असते. वाचनालयाने एक खाते घेऊन शंभर सभासदांना वापरायला दिले तर अटींचा भंग होतो. म्हणजे गावाने मिळून बघण्याची सोय कायद्याने डिस्कला आहे, ॲपला नाही. दोन्हींची तुलना करताना लोक फक्त घराचा खर्च धरतात, म्हणून हा फरक नजरेतून सुटतो.

गावाचा खर्च धरून बघा. एखाद्या गावात वर सांगितलेली तीन ॲपे घेणारी शंभर घरे असतील, तर वर्षाला ४,७८,६०० रुपये गावातून बाहेर जातात आणि वर्ष संपल्यावर गावाच्या हातात एकही पिक्चर राहत नाही. त्याच गावच्या वाचनालयाने सरासरी दीडशे रुपयांच्या दोनशे डिस्क घेतल्या असे समजू. तीस हजार रुपये, एकदाच. पुढच्या वर्षी वीस-पंचवीस नव्या घातल्या की झाले. प्रत्येक घराने आपली सगळी वर्गणी सोडावी असेही नाही. तीनातली एक सोडली तरी पुरे. ती कुठली सोडायची हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुस्तके आणि चित्रपट एका छताखाली ही कल्पनाही नवी नाही. मुंबईच्या शेमारूची सुरुवात १९६२ मध्ये पुस्तके घरी देणारी लायब्ररी म्हणून झाली आणि १९७९ मध्ये त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांनी ते धंदा म्हणून केले. आपल्याला धंदा करायचा नाही. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांत तरुण मंडळांनी वर्गणी काढून वाचनालये चालवली. आज त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी दुपारी पेपर वाचायला येणारी चार वडीलधारी माणसे सोडली तर कुणी फिरकत नाही. डिस्क न्यायला आलेला एखादा पोरगा पुस्तकाच्या कपाटासमोर उभा राहिला, तर वाचनालयाचेही भलेच होईल.

सरकारी वाचनालयांवरही आपला हक्क आहे. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो, आज तो त्या कराच्या ६ टक्के आहे. बेळगावचा मराठी घरमालक तो भरतो, कन्नड घरमालकही भरतो. ग्रामपंचायतींची वाचनालये आता ‘अरिवु केंद्र’ या नावाने सुधारली जात आहेत. तिथे कन्नड पिक्चरबरोबर मराठी पिक्चर ठेवा, अशी मागणी करण्यात भांडणाचा प्रश्न येत नाही. आमच्या कितीतरी घरांत कन्नड पिक्चर आवडीने बघतात. एका कपाटात दोन्ही राहतील.

आता आक्षेपांकडे येतो. यूट्यूबवर जुने मराठी पिक्चर फुकट आहेत, मग डिस्क कशाला, असे विचारतात. आहेत, आणि हक्क असलेल्यांनी स्वतः टाकलेले पुष्कळ आहेत, ते जरूर बघावेत. पण डेटा लागतोच, जाहिराती लागतात, कित्येकदा चित्राच्या कडा कापलेल्या असतात, आणि उद्या ते तिथे असतीलच याची खात्री नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरात प्लेअरच नाही. नव्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाही नसतो. यावर उपाय आपल्याच जुन्या सवयीत आहे. व्हीसीआर भाड्याने यायचा तसा प्लेअरही वाचनालयाने डिपॉझिट घेऊन द्यावा. दोन-तीन प्लेअरांत छोट्या गावाचे भागते. डिस्क जमवायलाही सगळ्या विकत घ्यायला नकोत. घरोघरी माळ्यावरच्या ट्रंकांत अस्सल डीव्हीड्या पडून आहेत, त्या मागितल्या तर लोक देतील. चोरीच्या असतील त्या मात्र घेऊ नयेत, मग पिक्चर कितीही चांगला असो.

सगळ्यांत अवघड प्रश्न नव्या मराठी चित्रपटांचा आहे. अलीकडचे बरेचसे डिस्कवर आलेलेच नाहीत. तिथे सध्या एका पिक्चरपुरते पैसे भरून बघणे हा बरा मार्ग आहे. यूट्यूबवर आणि प्राइमच्या दुकानात तशी सोय आहे. साधारणपणे पैसे भरल्यापासून तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवायचा. हे जुन्या सीडी लायब्ररीच्या भाड्याच्या सगळ्यांत जवळचे आहे. केरळ सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये ‘सी-स्पेस’ नावाचे स्वतःचे ॲप काढले. त्यात वर्षाची वर्गणीच नाही. एक चित्रपट ७५ रुपये, आणि त्यातला निम्मा वाटा निर्मात्याला. कर्नाटकने २०२५ च्या अर्थसंकल्पात कन्नड चित्रपटांसाठी सरकारी ॲपची घोषणा केली. मराठीसाठी महाराष्ट्राने असे काही केले तर त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग राज्याबाहेरच्या मराठी माणसाला होईल. बघितले तेवढ्याचेच पैसे भरायचे असतील तर ७५ रुपये आमचा माणूस खुशीने भरेल.

तोवर घराघराला करता येण्यासारखे थोडेफार आहे. वर्षाची वर्गणी न भरता एका महिन्याची भरा, बघायचे ते बघून बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरे ॲप घ्या. आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम कापण्याच्या २४ तास आधी संदेश येतो. तो संदेश घरातल्या जाणत्या माणसाच्या फोनवर येईल असे बघा. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पायऱ्या असतील तर तक्रार करा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा सापळ्याला अनुचित प्रथा ठरवले आहे.

महाराष्ट्र शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. तो जनतेचा पैसा आहे. तो घेतलेला चित्रपट दोन वर्षांनी कुठल्याच ॲपवर नाही, डिस्कवर नाही, बघायचा कुठे ते कुणी सांगू शकत नाही, अशी स्थिती येत असेल तर अनुदानाला एक साधी अट जोडता येईल. चित्रपटगृहातला आणि ॲपवरचा पहिला काळ संपला की निर्मात्याने ठरावीक संख्येच्या डिस्क, किंवा घरी उसनी देता येईल अशी दुसरी कुठलीही प्रत, सार्वजनिक वाचनालयांना द्यावी. त्यांत सीमाभागातली वाचनालये नावानिशी असावीत. निर्मात्याचे यात नुकसान नाही, कारण त्या वेळेपर्यंत कमाई होऊन गेलेली असते.

ही मागणी करायला आमच्याकडे व्यासपीठ तयार आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी इथे साहित्य संमेलने भरतात. माणसे ट्रॅक्टरमधून येतात, ग्रंथदिंडी निघते, सीमाप्रश्नाचा ठराव होतो. यंदा त्या ठरावांच्या यादीत अनुदानाच्या अटीचा हा ठराव यावा. आणि पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल मांडून, गावच्या वाचनालयासाठी घरातल्या अस्सल डिस्क आणि चालू स्थितीतले जुने प्लेअर घ्यावेत, देणाऱ्याचे नाव वहीत लिहून रीतसर पावती द्यावी.